भिंतीवरची मुलगी आणि कागदाचे मोल

रस्त्यावरच्या भिंतीवर कोणाच्याही परवानगीवाचून उमटलेले चित्र पुढे कागदावर छापले गेले, की त्याचा अर्थ आणि त्याची किंमत यांच्या वाटा वेगळ्या होतात. या वाटा पुन्हापुन्हा एकमेकींना छेदत असल्या तरी त्या एक नव्हेत, हे ध्यानात घेतल्यावाचून बँक्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराच्या ‘गर्ल विथ बलून’ या मुद्राचित्राचे मोल उलगडत नाही. बहरीनमधील मराठी श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण अदलियाच्या ब्लॉक 338 मधील रंगवलेल्या भिंती त्यांच्या नेहमीच्या पाहण्यातल्या आहेत, आणि खरेपणाच्या भरवशावर किंमत कशी उभी राहते व तो भरवसा डळमळताच ती कशी कोसळते, याचा अनुभव मोत्यांच्या या बेटाने फार मोठी झळ सोसून घेतलेला आहे.

हे चित्र 2002 साली लंडनमधील भिंतींवर प्रथम दिसले. ते स्टेन्सिलने, म्हणजे आकृती कापून तयार केलेल्या साच्यावरून रंगाचा फवारा मारून काढलेले होते, आणि पोलिसांची नजर चुकवून काही क्षणांत काम उरकण्याची जी निकड या पद्धतीमागे असते, तिनेच त्याला त्याची कडक काटकसर दिली. एक लहान मुलगी, वाऱ्याने उडणारे तिचे केस व फ्रॉक, पुढे केलेला हात आणि त्या हातापासून दूर असलेला हृदयाच्या आकाराचा फुगा, एवढाच त्यातला ऐवज. मुलगी काळ्या रंगात आणि फुगा तेवढा लाल. थेम्स नदीच्या दक्षिण काठावरील चित्राशेजारी आशा सदैव असते अशा आशयाची ओळ होती. परंतु फुगा मुलीच्या हातून निसटला आहे, तिने तो आपण होऊन सोडला आहे, की तो तिच्याकडे येतो आहे, हे चित्र सांगत नाही, आणि त्याचे खरे सामर्थ्य या न सांगण्यातच आहे. म्हणूनच मार्च 2014 मध्ये सीरियातील संघर्षाला तीन वर्षे झाली तेव्हा त्याच मुलीला डोक्यावर रुमाल बांधलेल्या निर्वासित मुलीचे रूप देता आले, आणि ते रूप लंडनच्या नेल्सन स्तंभावर व पॅरिसच्या आयफेल टॉवरवर प्रकाशझोताने दाखवले गेले. अरब जगात राहणाऱ्या प्रेक्षकाला हे दुसरे रूप पहिल्यापेक्षा अधिक जवळचे वाटले, तर त्यात नवल नाही.

भिंतीवरची चित्रे पुसली गेली, झाकली गेली. टिकले ते कागदावरचे रूप. ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने 2004 पासून ते स्क्रीन प्रिंट म्हणून काढले. स्क्रीन प्रिंट म्हणजे ताणलेल्या बारीक जाळीतून, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी वापरून, शाई कागदावर दाबून उतरवलेली प्रत. स्वाक्षरी केलेल्या 150 आणि स्वाक्षरी नसलेल्या 600 प्रतींची ही आवृत्ती होती; त्याखेरीज कलावंताने आपल्यासाठी राखून ठेवलेल्या, ज्यांना ‘आर्टिस्ट प्रूफ’ म्हणतात अशा, वेगवेगळ्या रंगांतील फुग्यांच्या थोड्या प्रती निघाल्या, आणि बाजारात सर्वाधिक मान त्यांनाच मिळाला. येथे एक विसंगती स्पष्ट दिसते: छपाईचे तंत्र हव्या तितक्या प्रती देऊ शकते, आणि तरीही ‘मर्यादित आवृत्ती’ या करारामुळे ते हेतुपुरस्सर थांबवले जाते. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तेव्हा त्या छपाईचे प्रयोजन नेमके उलट होते. लक्ष्मी आणि सरस्वती जितक्या घरांत पोहोचतील तितके ते चित्र यशस्वी, आणि देवघरातल्या प्रतीला क्रमांक विचारण्याचे कोणाला कारण नव्हते. बँक्सीच्या चित्रालाही अशी अमर्याद पसरण आहे, पण ती चहाच्या कपांवर, कपड्यांवर आणि भित्तिपत्रकांवर आहे, आणि अर्थाचे जतन तेथेच होत असताना किंमत मात्र क्रमांकाच्या कागदावर साठत जाते.

या साठण्याचा कणा म्हणजे दाखला, आणि त्याची गरज मोत्यांच्या व्यापाराने आधीच दाखवून दिली होती. बहरीनचे नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात जात, तेथे निवडले व ओवले जात. 1920 नंतरच्या काळात जपानी संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात माणसाने बीज ठेवून वाढवलेला मोती, बाजारात आला आणि जागतिक मंदीची त्यात भर पडली, तेव्हा हा व्यापार ढासळला. बहरीनने आपल्या भूमीवर संवर्धित मोत्यांच्या व्यापाराला बंदी घातली, आणि 2017 पासून ‘दानात’ ही संस्था मोत्यांची तपासणी करून दाखले देते. बँक्सीच्या बाबतीत हे काम 2008 पासून ‘पेस्ट कंट्रोल’ हे कार्यालय करते. त्याच्या प्रमाणपत्राला राजकन्या डायनाचा चेहरा छापलेल्या बनावट 10 पौंडांच्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो आणि जुळणारा दुसरा अर्धा कार्यालयाकडे राहतो. मात्र हे साम्य एका टोकाला जाऊन थांबते. क्ष-किरणांना मोत्याच्या आतली रचना दिसते, म्हणून तेथील दाखला वस्तूच्या अंगातले सत्य सांगतो. मुद्राचित्राचा दाखला त्या कागदामागे कलावंताची संमती आहे एवढेच सांगतो, आणि कुशल नक्कल डोळ्यांना तितकेच सुख देत असली तरी ही संमती तिला मिळत नाही. हे कार्यालय रस्त्यावरच्या भिंतींवरील कामांना प्रमाणपत्र देत नाही, म्हणजे ज्या जागी अर्थ जन्माला आला ती जागाच या व्यवस्थेने किमतीच्या बाहेर ठेवली आहे. हा निर्णय योग्य आहे, कारण त्यामुळे भिंत फोडून विकणाऱ्याला कलावंताची मान्यता मिळत नाही.

किमतीचा माग काढू पाहणाऱ्याला 5 ऑक्टोबर 2018 ही तारीख टाळता येत नाही. त्या दिवशी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात या चित्राची कॅनव्हासवरील 2006 ची आवृत्ती 10 लाख 42 हजार पौंडांना विकली गेली आणि हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्राने तिचा खालचा भाग पट्ट्या करून कापला. बाजाराला फटकारण्यासाठी केलेली ही कृती बाजाराने तत्काळ पचवली. ‘लव्ह इज इन द बिन’ असे नवे नाव मिळालेले तेच चित्र ऑक्टोबर 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. त्याच सुमारास मुद्राचित्रांचे भावही शिखरावर होते, आणि त्यानंतर ते बरेच उतरले. सप्टेंबर 2024 मध्ये लंडनच्या एका कलादालनातून या मुद्राचित्राची 150 पैकी एक प्रत चोरीस गेली व पुढे परत मिळाली, तेव्हा तिची किंमत 2 लाख 70 हजार पौंड सांगितली गेली. चढ-उताराच्या या काळात चित्रातली एक रेषाही बदललेली नव्हती; बदलली होती ती विकत घेणाऱ्यांची गर्दी, त्यांच्या हातातील मोकळा पैसा आणि उद्या आपल्यापेक्षा अधिक देणारा कोणी येईल ही त्यांची खात्री. ज्यांना चित्र हवे आहे त्यांनी ती खात्री विकत घेण्याची गरज नाही, आणि ज्यांना गुंतवणूक हवी आहे त्यांनी पावतीआधी पेस्ट कंट्रोलचा दाखला मागावा.