रांग, भिंत आणि आपण



अरबी कादंबरीवर बोलायला उभा राहिलोय. कुणी म्हणंल, नांदेड-लातूरच्या पोरांना कैरोचं काय घेणंदेणं? आहे. सांगतो.

बस्मा अब्दुल अझीझ ही कैरोतली मानसोपचारतज्ज्ञ बाई. २०१३ साली तिनं 'अल-ताबूर' लिहिली. ताबूर म्हणजे रांग. या कादंबरीत सत्तेचं नाव 'दरवाजा'. दाखला, परवाना, सगळं त्याच्याकडून घ्यायचं. आणि दरवाजा उघडतच नाही! रांग वाढत जाते. रांगेतच चहा विकला जातो, रांगेतच प्रवचनं झडतात. याह्याच्या अंगात गोळी रुतलीय. ती काढायलाही परवाना लागतो. सत्ता म्हणते, गोळी झाडलीच नाही.

हिचं इंग्रजी भाषांतर आलं २०१६ साली. त्याच साली लातुरात मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागलं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या आयाबहिणींना 'ताबूर' समजवायला लागत नाही.

दुसरी कादंबरी अहमद खालिद तौफिकची 'युटोपिया', २००८ ची. त्यात २०२३ सालचा इजिप्त कल्पिलाय. श्रीमंत भिंतीच्या आत, बाकीचे बाहेर. आतली पोरं गंमत म्हणून बाहेरच्यांची शिकार करतात. समीक्षक म्हणतात, भयाण भविष्य. अरे, या भिंतीला आम्ही गावकूस म्हणतो! ४ ऑगस्ट १९७८ ला, नामांतराच्या दंगलीत, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारलं. ते भविष्य नव्हतं.

पण दोस्तांनो, शेखी मिरवू नका. आपण कालचं लिहिलं, आत्मकथनं लिहिली, छाती फाडून लिहिली. उद्याचं कोण लिहिणार? भिंत उद्या कुठं सरकणार, रांग उद्या कशासाठी लागणार, हे आधी ओळखून सांगणं हेही लेखकाचंच काम. अरबी लेखक ते करतायत.

१९७२ ला पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावंडांकडून. कैरोचं मात्र आपण इंग्रजीच्या खिडकीतून बघतो. नांदेडच्या शेजारच्या मोहल्ल्यात अरबी वाचणारी माणसं आहेत. त्यांच्या दारी कधी गेलो का? अर्ज, दाखला, जुलूम, हक्क, इन्कार हे शब्द मूळचे अरबीच, फारसीच्या वाटेनं मराठीत आले. शब्द घेतले आणि शेजारी विसरलो.

तेव्हा एक काम करा. त्या मोहल्ल्यात जा, सोबत बसा, 'ताबूर'ची चार पानं थेट मराठीत आणा. आणि आपली चार पानं त्यांच्या भाषेत जाऊ द्या. दरवाजा आपोआप उघडंल म्हणून रांगेत थांबू नका.

जयभीम!