उन्हाचे मलम आणि आपली कातडी
(गुरुकुंज मोझरी येथील भाषणाचा मजकूर)



१९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम उभा केला. ग्रामगीतेत त्यांनी ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. आपण जमतो ते कापसाच्या भावासाठी. पण आज थोडे आपल्या कातडीविषयी बोलू.

सनस्क्रीन म्हणजे उन्हाचे मलम. ते आता गावच्या दुकानातही मिळते. पोरींनी मागितले तर नटणे म्हणून हसू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडी भाजते, वांग वाढतो, वेळेआधी सुरकुत्या पडतात, डोळ्यात मोतीबिंदू वाढायला मदत होते. आपल्या सावळ्या रंगाचे थोडे संरक्षण असते, पण ते पुरे नाही. कोडाच्या पांढऱ्या डागाला तर तेही नाही. अशा माणसाला मलमाची गरज सगळ्यात आधी.

आता हिशेब करू. तोंड, कान आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतके, म्हणजे साधारण दोन ग्रॅम मलम लागते. घामाने ते जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. दिवसातून चार वेळा म्हणजे आठ ग्रॅम. पन्नास ग्रॅमची नळी आठवडाभरही पुरत नाही! वेचणीच्या मजुरीत हे कसे बसणार? म्हणून आपला पहिला इलाज कापडाचा. आपल्या बाया लुगड्यावर पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून वावरात जातात, ते शहाणपणाचे आहे. डोक्याला शेला किंवा रुंद काठाची टोपी आणि अकरा ते तीन शक्यतो सावली. उघडे राहील तेवढ्यालाच मलम.

घ्यायचे तर एसपीएफ ३० किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले घ्या. मुदत पाहा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहा. खाज सुटली तर वापरू नका. उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावा. जखमेवर आणि डोळ्यांत नको. नळी धुऱ्यावर उन्हात टाकू नका. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला मलम नकोच. त्याची झोळी झाडाच्या सावलीत बांधा.

फवारणीच्या वेळी मलमाच्या भरवशावर अंग उघडे ठेवू नका. काही मलमांतल्या द्रव्यांमुळे कातडीतून विष जास्त शोषले जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, हे विसरू नका. हातमोजे, मास्क, पुरे कपडे आणि नंतर साबणाने अंघोळ, याला दुसरा पर्याय नाही.

तोंडावर, मानेवर, हातावर खाज आणि काळे चट्टे आले की आपण ऊन लागले म्हणतो. पुष्कळदा ते गाजर गवताचे असते. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेले हे गवत आज प्रत्येक धुऱ्यावर आहे. ते फुलाआधी, हात झाकून उपटा. आणि चट्ट्यांवर दुकानदार देईल ते गोरेपणाचे मलम लावू नका. त्यात स्टिरॉइड असले तर कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच बाधते. डॉक्टरला दाखवा.

शेवटचे एक. मलमाने उष्माघात टळत नाही. त्याला पाणी, सावली आणि विसावाच लागतो.

बैलाच्या खांद्याला आवण आले तर आपण जू ठेवत नाही. वावरात राबणाऱ्या माणसाची कातडी त्याहून स्वस्त का? सदरा, टोपी, हातमोजे, मलम यांचा खर्च यंदापासून उत्पादनखर्चाच्या वहीत लिहा. जो खर्च आपणच मांडत नाही, तो भावात कोण धरणार?

जय गुरुदेव!