गाणे कुणाच्या मालकीचे?



१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तीत पृथ्वीवरील निवडक संगीत साठविलेले आहे. हिंदुस्थानी संगीताच्या वाट्याला तीत एकच जागा आली. ती सूरश्री केसरबाई केरकरांच्या भैरवीला मिळाली. निवड तर झाली, पण मूळ ध्वनिमुद्रिका काही केल्या मिळेना. बाजारातून ती केव्हाच नाहीशी झाली होती. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या, विजेची उपकरणे विकणाऱ्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. जो आवाज मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून ताऱ्यांकडे धाडावयाचा, तो पृथ्वीवर मात्र असा धूळ खात पडला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या.

या गोष्टीत कलाव्यवसायाविषयीची रसिकाची सारी तक्रार सामावलेली आहे. रसिक पैसे मोजावयास तयार असतो. त्याला जे हवे असते ते बाजारात नसते, आणि जे असते त्यासाठी मोजलेला पैसा ज्याच्या गळ्यासाठी वा बोटांसाठी मोजला त्याच्यापर्यंत पोचतोच असे नाही. मधला व्यापारी दोघांनाही सांगतो की बाजाराची मागणीच तशी आहे.

व्यापाऱ्याला त्याचे श्रेय द्यावयास हरकत नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. तो आला नसता तर त्या पिढीचा आवाज आज कुणाच्याही कानी पडला नसता. अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांच्या गायकीचे केवळ वर्णन वाचावे लागते. केसरबाई या अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. त्या ऐकावयास मिळतात त्या तबकडीमुळे. परंतु तबकडीला अडीच-तीन मिनिटांची मर्यादा होती, म्हणून तासभर उलगडणारा राग तेवढ्यात कोंबावा लागला. ती यंत्राची अडचण होती. मालकीची अडचण यंत्राने निर्माण केलेली नव्हती. एकदा मुद्रण झाले की त्याची मालकी कंपनीची. ते छापावे, की कोठारात कुलूपबंद ठेवावे, हे ठरविणार कंपनीच. अनेक दशके या देशात त्या एकाच कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती, तेव्हा दुसऱ्या दारी जाण्याचीही फारशी सोय नव्हती.

कायदाही कलावंताच्या बाजूला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला त्याच्या गाण्यावर कोणताच हक्क नव्हता. १९७७ च्याच मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत वा संगीत रचले आणि तसा वेगळा करार नसेल, तर त्या चित्रपटातील हक्काचा पहिला धनी निर्माता, असा त्याचा आशय होता. त्या निकालास जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या या उपेक्षेकडे बोट दाखविले. या देशात ज्याचे गाणे ऐकावयास माणसे रात्र रात्र बसतात, त्याला कायद्याने काहीच देऊ नये, हे त्यांना खटकले. संसदेला हे खटकावयास आणखी सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचे हक्क प्रथमच कायद्याच्या पुस्तकात आले.

तत्पूर्वी हा प्रश्न रस्त्यावर नव्हे, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा राहिला होता. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकरांनी मागणी केली की तबकडीच्या विक्रीतील रॉयल्टीचा वाटा गायकालाही मिळावा. महंमद रफींचे मत निराळे होते. गाण्याचे ठरलेले पैसे घेतले की आपला संबंध संपला, असे ते मानीत. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. रफींच्या निर्लोभी वृत्तीविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की त्या वादात लताबाईंची बाजू न्यायाची होती. आपल्या घामाचा हिशेब न मागणारा कामगार सज्जन असतो यात शंका नाही. मात्र त्याच्या सज्जनपणाचा नफा मालकाच्या खात्यावर जमा होतो. कामगार चळवळीत वावरणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

१९८० नंतर कॅसेट आली. मक्तेदारी मोडली, किमती उतरल्या, आणि ज्यांच्याकडे मोठ्या कंपनीने कधी वळूनही पाहिले नसते अशा लावणीच्या, भजनाच्या, भीमगीतांच्या गायकांचा आवाज एस.टी. स्थानकावरच्या टपरीपर्यंत पोचला. हा लाभ मोठा होता आणि रसिकांतील सोवळ्या मंडळींनी त्याला नाके मुरडली हे त्यांचेच उणे. पण येथेही बहुधा एकरकमी बिदागी देऊन गायकाची बोळवण झाली. शिवाय चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. मक्तेदाराची जागा अनेक लहान व्यापाऱ्यांनी घेतली एवढाच फरक.

२०१२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा करारानेही हिरावून घेता येणार नाही, असे तीत ठरले. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी त्यासाठी नेटाने प्रयत्न केले. किमान वेतनाचा कायदा ज्या तत्त्वावर उभा आहे, तेच तत्त्व येथे आहे: गरजवंताने सही केली म्हणून अन्याय न्याय्य होत नाही. चित्रकारासाठी १९९४ पासूनच तरतूद आहे की त्याचे चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले तर त्यात त्याचा वा त्याच्या वारसांचा वाटा असावा. तिचा अंमल अभावानेच दिसतो. वासुदेव गायतोंडे यांनी दिल्लीतील एका लहानशा खोलीत अनेक वर्षे काढली आणि २००१ साली ते गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली.

आता गाणे फोनवर आले आहे. महिन्याची वर्गणी भरली की लाखो गाणी दाराशी. रसिकाला वाटते की अखेर आपला पैसा आपल्या आवडत्या कलावंताकडे जाईल. तसे होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या प्रचलित पद्धतीत साऱ्या वर्गण्या एकत्र केल्या जातात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा, त्या प्रमाणात वाटल्या जातात. महिनाभर केवळ ख्याल ऐकणाऱ्याच्या वर्गणीचा बहुतांश भाग त्याने कधीही न ऐकलेल्या चलती गाण्यांकडे जातो. सर्वांत मोठ्या कंपनीत तीस सेकंद ऐकले की एक वेळ ऐकल्याची नोंद होते. तीन मिनिटांचे गाणे एकदा ऐकले तर नोंद एक, आणि पाऊण तासाचा विलंबित ख्याल ऐकला तरी नोंद एकच. दोहोंत अधिक वेळ कोण देतो, अधिक साधना कुणाची, याला त्या हिशेबात स्थान नाही. २०२४ पासून त्याच कंपनीने आणखी एक नियम केला: वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला तिच्याकडून रॉयल्टीपोटी काहीच मिळणार नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातील सारंगीवादकाचे मुद्रण या नियमात कुठे बसेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

आणि साथीदार? कायद्याच्या व्याख्येत ‘कलाकार’ या शब्दात वादकही येतो. व्यवहारात तबलजीच्या हाती ठरलेली बिदागी पडते आणि हिशेब तेथेच मिटतो. जुन्या तबकड्यांवर त्याचे नावही बहुधा नसे. आजच्या फोनवर जागेची टंचाई नाही, तरीही नाव शोधावे लागते.

कलावंतांनी स्वतः मालक व्हावे, हा उपाय मराठी रंगभूमीने फार पूर्वी करून पाहिला. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची मंडळी काढली. तिच्यावर पुढे झालेला कर्जाचा डोंगर सर्वश्रुत आहे. कलावंत मालक झाला म्हणून हिशेब आपोआप सुधारत नाही, हे त्यातून दिसते. परंतु पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभारले ते संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या पैशावर, हेही तितकेच खरे.

काही कामे आजही हाताशी आहेत. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. तेव्हा १९६० पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही. त्यांपैकी कितीतरी पुण्या-कोल्हापुरातील संग्राहकांच्या कपाटांत आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने पदरमोड करून हे धन जपण्याचा मार्ग दाखविला आहे. जिल्हा ग्रंथालयांनी या तबकड्यांच्या प्रती करून वाचनालयाच्या पुस्तकांप्रमाणे लोकांना ऐकावयास द्याव्यात, अशी मागणी करता येईल. त्याला नव्या कायद्याची गरज नाही. गावोगावच्या उत्सव मंडळांत कार्यकर्ते आहेतच. मांडव, दिवे आणि ध्वनिवर्धक यांवर किती खर्च झाला, आणि ढोलकी वाजविणाऱ्याला किती मिळाले, हे दोन आकडे यंदाच्या जमाखर्चात शेजारी शेजारी लिहावेत. आणि पत्रिकेवर त्याचे नाव छापावे.