पूजेतील जुने रुपये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी “चार शब्द बोला” म्हणून सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. विणकाम, पाककृती यांवर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. मी सांगणार आहे ती माझ्याच हातून झालेली एक चूक. येत्या दिवाळीत ती आणखी कोणाच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

२००३ साली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सासूबाईंनी लक्ष्मीपूजनासाठी एक पितळी डबी काढून दिली. आत चांदीचे अकरा रुपये होते, काळपट पडलेले. नव्या सुनेचा उत्साह तो! चिंच आणि राख घेऊन मी ते तारेच्या घासणीने घासघासून लखलखीत केले. सासूबाईंनी एक रुपया उचलला, त्यावरून बोट फिरवले आणि ठेवून दिला. बोलल्या काहीच नाहीत. मला वाटले, त्यांना आवडले.

सहा वर्षांनी धाकट्या वन्संचे लग्न निघाले आणि पैशांची ओढ लागली. रुपये घेऊन आम्ही दोघे जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. भिंगातून एकेक रुपया पाहत ते एकापाशी थांबले. तो होता १९११ सालचा, पंचम जॉर्ज बादशहाचा. त्या रुपयावर बादशहाच्या पोशाखावरील माळेत एक हत्ती आहे. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले, की लोकांना ते डुक्कर वाटले. हिंदू-मुसलमान सगळ्यांनीच नाक मुरडले, सरकारने नाणी परत घेतली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया कमी सापडतो. आमच्या रुपयावरील तो हत्ती मी पुसट करून टाकला होता!

“बाई, हा घासला नसतात तर...” एवढे म्हणून त्यांनी वाक्य अर्धेच सोडले. चांदीच्या भावाहून फार काही मिळणार नव्हते. आम्ही रुपये न विकता परत आलो. पैशांची सोय दुसरीकडून झाली. पण निघण्यापूर्वी त्या भल्या गृहस्थांनी भिंग माझ्या हाती देऊन पुष्कळ समजावले. तेच आज सांगते.

चांदीचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतील गंधकाने चढलेला तो पातळ थर असतो. घासले की त्याबरोबर खालची चांदीही जाते, बारीक ओरखडे उठतात आणि टांकसाळीतून आलेले मूळचे तेज कायमचे मरते. ते परत आणता येत नाही.

नाण्याचा दर्जा ठरवणे हे तांदूळ निवडण्यासारखे आहे, नजर हवी. झीज प्रथम होते ती उंच भागावर. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुट आणि कानाजवळचे केस पाहावेत. जॉर्जच्या रुपयावर मुकुट, दाढी आणि तो हत्ती. नुसती आकृती उरली असेल तर दर्जा खालचा. बारीक रेघा मोजता आल्या तर वरचा. अजिबात न वापरलेल्या नाण्याला व्यापारी ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. घासलेले किंवा हारासाठी कडी डाखलेले नाणे मात्र कितीही जुने असले तरी मागे पडते.

चांदीही पारखावी. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या इंग्रजी रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून वजन तेच राहिले, पण चांदी निम्मी झाली. तेव्हा सोनाराने सगळे रुपये एकाच पारड्यात टाकले, तर साल वाचून दाखवावे. १९४७ चे रुपये निकेलचे. त्यांवर वाघ आहे आणि ते लोहचुंबकाला चिकटतात.

आता फोटोचे. हल्ली हातोहाती मोबाईल आहे. दुपारी उन्हाची तिरीप येत नाही अशा खिडकीपाशी करड्या कागदावर रुपया ठेवावा. धरताना कडेनेच धरावा, चेहऱ्यावर बोट नको. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या चळती रचून त्यांवर मोबाईल आडवा ठेवला, की हात हलत नाही आणि नाणे वाकडे दिसत नाही. फ्लॅश लावू नये. त्याने चांदी पांढरीफटक दिसते आणि झीज लपते. बाजूने येणाऱ्या उजेडात रेघ न् रेघ उठून दिसते. दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा आणि वजन, साल वहीत लिहावे. चोरी झाली किंवा वाटणीचा प्रश्न आला, तर हीच वही उपयोगी पडते.

रुपये एकमेकांवर आपटू देऊ नयेत. रबरबँडमध्ये गंधक असते, म्हणून तो गुंडाळू नये. नाण्यांसाठी कडक पारदर्शक डब्या मिळतात, त्या उत्तम. पूजेत हळदकुंकू रुपयावर न वाहता त्याखालच्या विड्याच्या पानावर वाहावे. देवीची पूजा त्याने उणी होत नाही.

अशी वही मी केली तेव्हा सासूबाईंना जवळ बसवले. एकेक रुपया हातात घेऊन त्या सांगत गेल्या: हा माझ्या ओटीतला, हा मामंजींनी पहिल्या नातवाच्या बारशाला दिलेला. १९११ चा रुपया त्यांच्या आईने पाठवणीच्या वेळी त्यांच्या मुठीत ठेवला होता. मी घासलेला तो हाच. “तेव्हाच का नाही बोललात?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “तू मनापासून घासत होतीस गं.”

आज सासूबाई नाहीत. हत्ती पुसटच आहे, पण फोटोखाली त्यांच्या आईचे नाव लिहिलेले आहे. भगिनींनो, घरी गेल्यावर आपापली डबी उघडा. घासू नका, आधी पाहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.