गोगलगाय पाळा, पण टाकीतच ठेवा

(अजिंठा येथील गटांच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं)

मागच्या बैठकीत तुम्ही माझ्यावर हसलात. "गोगलगायी वेचून मारायच्या सोडून हिने काचेच्या टाकीत पाळल्यात!" असं म्हणलात. पण त्यानंतर चारजणी घरी येऊन विचारून गेल्या, की पिल्लं कशी होतात आणि विकता येतील का. म्हणून आज उभी राहिले.

माझ्या पोराने संभाजीनगरहून माशांसोबत सहा गोगलगायी आणल्या. पिवळ्या, सुपारीएवढ्या. दुकानदार त्यांना ॲपल स्नेल म्हणतो, कोणी मिस्ट्री स्नेल म्हणतं. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी, पण वरून सहज ओळखू येत नाही. त्यामुळे दोन घेऊन भागत नाही. पाच-सहा घेतल्या तर बहुतेक जोडी जमते. रॅम्सहॉर्न म्हणून एक बारकी चपटी जात असते. तिच्यात एकाच जीवात नर-मादी दोन्ही, ती तर नको म्हणलं तरी वाढते.

पहिले दोन महिने माझ्याकडे काहीच झालं नाही. चूक माझीच, टाकी काठोकाठ भरलेली. ही गोगलगाय राहते पाण्यात, पण अंडी घालते पाण्याबाहेर, रात्री काचेवर चढून. तिला वर चार बोटं मोकळी जागा लागते आणि झाकण लागतं, नाहीतर बाई चालत चालत फरशीवर. मी पाणी उतरवलं आणि पंधरवड्याच्या आत एका सकाळी झाकणाखाली गुलाबी पुंजका चिकटलेला! साबुदाणा रंगात बुडवून थापावा तसा.

त्याला हात लावू नका. पाण्यात बुडाला तर आतली पिल्लं गुदमरतात, पार वाळला तरी मरतात. झाकणामुळे ओल टिकते. दोन ते चार आठवड्यांत पुंजका फुटतो आणि मोहरीएवढी पिल्लं आपोआप पाण्यात पडतात, एका वेळी शंभरसुद्धा. फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर ती आत ओढली जातात.

खायला पालक, दोडका, काकडी थोडी वाफवून द्या. उरलेलं संध्याकाळी काढून टाका, पाणी नासतं. शंख चुन्याचाच बनतो, म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, कुटून टाकायची. समुद्रफेन मिळाला तर तोही चालतो. पानाला लावतो तो चुना मात्र टाकू नका, पाणी एकदम तिखट होतं. आपल्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आपण कुरकुरतो, गोगलगायीला तेच पाणी मानवतं. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला रात्रभर उघडं ठेवा.

उघडं ठेवायचं, पण प्लास्टिकच्या बादलीत. मी ठेवलं तांब्याच्या हंड्यात! आपल्याला चांगलं ते त्यांनाही चांगलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या शंखात शिरून बसल्या आणि दोन गेल्याच. तांबं त्यांना विष आहे. मोरचुदाचा हात, फवारणीच्या पंपाची बादली टाकीजवळ नेऊ नका. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं.

उन्हाळ्याचं बघा. त्यांना 22 ते 27 अंश मानवतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. टाकी घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवून भोवती ओलं पोतं गुंडाळा, रांजणाला गुंडाळतो तसं.

आता पैशाचं. शंभर पिल्लं म्हणलं की आपण लगेच गुणाकार करतो. पण दुकानदार एका वेळी पाच-दहाच घेतो, तेही चांगल्या रंगाची. म्हणून यासाठी गटातून कर्ज उचलू नका. आधी संभाजीनगर-जळगावच्या दोन-तीन दुकानांत विचारून या. कोणी "तुम्ही फक्त वाढवा, विकत आम्ही घेतो" म्हणत आला तर इमू आणि कडकनाथ आठवा. खरंच धंदा करायचा असेल तर शोभेचे मासे करा, गोगलगाय जोडीला. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरला होता आणि महिलांना 60 टक्के अनुदान होतं. आज काय चालू आहे ते मत्स्यव्यवसाय विभागात विचारा.

आणि ज्यासाठी खरं तर मी उभी राहिले ते ऐका. पिल्लं जास्त झाली की मनात येतं, जीव आहे, मारायचा कशाला, वाघूरमध्ये नाहीतर विहिरीत सोडून देऊ. तसं करू नका, बायांनो. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनची कोवळी रोपं शंखी गोगलगायींनी खाल्ली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. ती गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि ती तिथल्या एका बागेत सुटली. हौसच होती ती. आपल्या टाकीतलीच्या एका बहिणीने तैवान, फिलिपिन्सची भातशेती खाल्ली, आणि दोघींतला फरक दुकानदारालाही सांगता येईलच असं नाही.

म्हणून नको असलेला पुंजका ताजा असतानाच खरवडून, चिरडून पुरून टाका आणि हात साबणाने धुवा. कोंबड्यांना घालू नका, ती अंडी त्यांना पचत नाहीत. जास्तीची पिल्लं मात्र उकळून, कुटून कोंबड्यांना चालतात. टाकीचं पाणी झाडाच्या आळ्यात, फडक्यातून गाळून ओता, ओढ्यात नाही. उलट नदीतली गोगलगायही टाकीत आणू नका. शेळ्यांच्या काळजात चपटे जंत होतात ते काही पाणगोगलगायींमधूनच पसरतात.

माझ्याकडे परवाच नवा पुंजका आलाय. बघायचा असेल तर सकाळी या, झाकण मीच उचलून दाखवीन.