उमेदवारी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेच्या आठवणी बऱ्याच जणांनी सांगितल्या. मला आपल्या पुढच्या पिढीबद्दल थोडं बोलायचं आहे.

माझी भाची बी.बी.ए.ला आहे. दिवाळीत म्हणाली, "मावशी, इंटर्नशिपला अर्ज केला की विचारतात, आधीचा अनुभव काय? अनुभवासाठीच तर अर्ज करतेय ना!" नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत, म्हणजे ती करावीच लागते. शहरातल्या मुलांना कुणी काका-मामा जागा बघून देतो. ओतूर, घोडेगावच्या मुलांनी कुणाकडे जायचं? बिनपगारी काम मिळालं, तरी पुण्यात दोन महिने राहण्या-जेवणाचा खर्च कसा झेपणार? राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये ठेवले आहेत, पण ते शिक्षण संपल्यावर.

आपल्याकडे याला 'उमेदवारी' असा छान शब्द होता. आता तो फक्त निवडणुकीत ऐकू येतो!

खरं तर व्यापार आपल्या मातीला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून माल जात होता. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. म्हणून भाचीला म्हटलं, उन्हाळ्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याकडे तीन आठवडे बस. वीस किलोचा तोच क्रेट. जुलै २०२३ मध्ये त्याने दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता, आणि एरवी कधी तोडणीची मजुरीही सुटत नाही. असं का होतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. ती गेली. रोजची आवक, भाव, गाडीभाडं वहीत लिहिलं. पुढच्या मुलाखतीत ती वही दाखवली, तर निम्मा वेळ गप्पा टोमॅटोवरच झाल्या म्हणे.

कॉलेजातल्या मंडळांचंही तसंच. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेते. अर्जावर चार क्लबांची नावं असतात, "तुम्ही नक्की काय केलंत?" विचारलं की शांतता. एखादी मुलगी सांगते, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा किराणा मी आणला, पन्नास जणांचा अंदाज होता, सत्तर आले, मग असं निभावलं. तिथे मी पेन खाली ठेवून ऐकते. मुलांना सांगा, एकच मंडळ धरा, पण त्याचं पावतीपुस्तक सांभाळा.

आता आपल्याकडे वळते. या सभागृहात बँकेतले, पतसंस्थेतले, सी.ए., द्राक्षबागायतदार, कारखानदार सगळे आहेत. प्रत्येकाने वर्षाला आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला दोन महिने उमेदवारी द्यावी. निदान जाण्या-येण्याचा आणि जेवणाचा खर्च द्यावा. त्याला झेरॉक्स काढायला न बसवता एक काम पूर्ण त्याच्यावर सोपवावं, आणि शेवटी काय जमलं, काय नाही, हे मोकळेपणाने सांगावं. आपल्या बाईंनी नाही का निबंधाच्या वहीत लाल शाईने लिहून दिलं?

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. पुण्यात माझ्या घरी एका मुलीच्या राहण्याची सोयही होईल. दुसरं नाव कुणाचं, ते चहा घेताना ठरवा.