इंग्रजी : जहाजावरची आणि विमानातली



इंग्रजी ही जगाची भाषा आहे, असे आपण नेहमी ऐकतो. पण जग तिच्यात बोलते तरी काय? आपल्या कोकणातील कितीतरी घरांतली माणसे जहाजावर आहेत, त्यांना विचारा. निरनिराळ्या देशांचे खलाशी एकत्र काम करतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात १५० हा आकडा 'वन-फाइव्ह-झीरो' असा सुटा उच्चारायचा. 'मे' हा शब्द शक्यतो टाळायचा, कारण बोलणारा परवानगी मागतो की शक्यता विचारतो, हे कळत नाही. 'मे आय कम इन, सर' घोकून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांची मात्र पंचाईत!

पण विषय गमतीचा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानची विमाने आदळून ३४९ माणसे गेली. सौदी विमानात नोकरीसाठी निघालेले कितीतरी भारतीय होते. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते. त्याच्या चालकांचे कच्चे इंग्रजी हेही एक कारण मानले गेले.

आता आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी वैमानिकाची इंग्रजी संभाषणाची परीक्षा होते. सहा पायऱ्यांपैकी चौथी पुरते. साहेबी उच्चार कोणी मागत नाही. समोरच्याला कळले म्हणजे झाले. तेव्हा पालकहो, मूल अडखळले तर हसू नका.

सोमवारपासून नववीच्या वर्गात आकडे, वेळ आणि पत्ता इंग्रजीत सांगण्याचा दहा मिनिटे सराव घेणार आहे. पालकही येऊन बसू शकतात.